आवाज शून्यावर

चिखल्याच्या कॉलनीत दुपारी मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. खाणीत रात्रपाळी करून आलेली माणसं घराघरांत झोपलेली असत. आमच्याकडे बाबा. अपुऱ्या झोपेनं जमिनीखाली उतरलेल्या माणसाचं काय होऊ शकतं, ते आईच्या चेहऱ्यावर दिसे.

त्यात मी पियानो शिकायला घेतला. खरा पियानो कॉलनीत कुणी पाहिला नव्हता. जिल्ह्याचे दोन जिल्हे झाल्यावर गोंदियाहून तुमसरला, माझ्या शाळेत बदलून आलेल्या सरांनी त्यांचा जुना कीबोर्ड मला वापरायला दिला होता. ते म्हणत, थोडंच वाजव, पण रोज. आधी एकेक हात, सावकाश. अडलं की तेवढंच पुन्हा घे. मला सावकाश काही जमलं असेल तर शपथ! बसल्या जागी मी नुसती चुळबुळायची. डावा हात चुकला की चिडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

आईनं बजावलं होतं, "बाबाची झोप मोडली त हा डब्बा सरले वापस."

म्हणून मी आवाज शून्यावर ठेवून वाजवायची. सूर मनातल्या मनात. कान सारखा आतल्या खोलीकडे.

एका दुपारी बाबा बाहेर आले. डोळे लालभडक. गेला कीबोर्ड!

"बाई," ते मला म्हणाले, "मले झोप येऊन नाही राहिली."

"आवाज त बंद आहे, बाबा."

"पट्ट्यांची टकटक येते ना! चालते, चालते, अन् थांबते. रोज तिथंच. मंग पयल्यापासून. आज तरी पुढं जाईन का, म्हणून मी वाट पाहत पडतो."

आई ओट्यापासून वळली. मी वायर काढायला हात घातला.

"काढतं काहून? आवाज वाढव. जिथं अडकते, तेवढंच वाजव." ते भिंतीला टेकून बसले.

मी डावा हात एकटा घेतला. चुकले. भयंकर राग आला, पण समोर बाबा. पहिल्यापासून जायची हिंमत होईना. पुन्हा तेवढंच. पुन्हा चुकले. मग कधीतरी बोटं पुढं गेली. आनंदानं मी वर पाहिलं, तर बाबांची मान कलंडलेली, तोंड उघडं, गाढ झोप.

मी पटकन हात उचलले.

"थांबू नको," आई कुजबुजली, "जागे होतीन."