बोलार्डला स्टूल म्हणणारा माणूस

तीस वर्षं मी शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवलं, आणि त्या तीस वर्षांत टाचण काढल्याशिवाय एकदाही वर्गात पाऊल टाकलं नाही. टाचण म्हणजे उद्या काय शिकवायचं, कुठल्या क्रमाने, फळ्यावर कुठली आकृती काढायची, हे आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवणं. मुख्याध्यापकांची सही लागायची म्हणून बहुतेक शिक्षक ते नाइलाजाने लिहायचे. मला सहीचं काही नव्हतं. चाळीस पोरांसमोर उभं राहून "हे काहीतरी आहे" असं म्हणायची वेळ आपल्यावर येऊ नये, एवढंच होतं.

माझा छंद लोकांना जरा विचित्र वाटतो. मी प्लास्टिकच्या प्रतिकृती जोडते. विमानं, रणगाडे, जुन्या मोटारी. खोक्यात शे-दोनशे सुटे भाग येतात, प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले. ते कापायचे, कानसीने घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. पहिलं खोकं आमच्या मिस्टरांनी जपानच्या एका बंदरातून पुतण्यासाठी आणलं होतं. मिस्टर मालवाहू जहाजावर बोसन होते, म्हणजे आपल्याकडे ज्याला सारंग म्हणतात तो, डेकवरच्या खलाशांचा मुकादम. पुतण्याने दोन दिवसांत त्या विमानाचा पंख मोडला आणि खोकं आमच्या घरी परत आलं. मिस्टर पुन्हा जहाजावर गेले आणि त्या नऊ महिन्यांत मी विमान पुरं केलं. मग ते दर खेपेला एक खोकं आणायला लागले. जहाजाचं मात्र त्यांनी कधी आणलं नाही आणि मीही कधी मागितलं नाही. घरातलं एक माणूस जहाजावर आहे तेवढं पुष्कळ झालं, असं मला वाटायचं.

मिस्टर निवृत्त झाल्यावर खोकी मागवायची वेळ माझ्यावर आली. रत्नागिरीत हे विकणारं दुकान नाही. थिनर मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका रंगवाल्याकडे मिळतो, बाकी सगळं कुरियरने. त्यामुळे विकत घेण्याआधी खोक्यात काय आहे ते बघायला मोबाइलवरचे व्हिडिओ एवढाच मार्ग उरतो, आणि त्या व्हिडिओंनी माझं डोकं जेवढं फिरवलं तेवढं नववीच्या उनाड वर्गानेही कधी फिरवलं नसेल.

माणूस कॅमेऱ्यासमोर येतो आणि खोकं पहिल्यांदाच उघडतो. हे तो अभिमानाने सांगतो. अहो, मग आम्हाला कशाला बोलावलंत? आधी उघडून बघा, दोन भाग जोडून बघा, मग बोला. पहिली चार मिनिटं झाकणावरचं चित्र दाखवण्यात जातात. विमानाचं नाव तो तीन वेळा घेतो आणि तिन्ही वेळा निरनिराळं. मग सुटे भाग पिशवीतून बाहेर न काढताच कॅमेऱ्यापुढे धरतो, पिशवीवर ट्यूबलाइट चमकते आणि भागावर अंगठा येतो. "डिटेलिंग जबरदस्त आहे मित्रांनो." आम्हाला दिसतो तो अंगठा. पाण्यात भिजवून लावायच्या नाजूक चित्रपट्ट्यांना तो सरळ स्टिकर म्हणतो. माहितीपत्रक उलटं धरतो. आणि शेवटी, एकही तुकडा न कापता, "फिटिंग मस्त असेल असं वाटतंय." उचलली जीभ लावली टाळ्याला. एकदा अशाच एकाच्या भरवशावर मी एक बॉम्बफेकी विमान मागवलं. काचेचे भाग स्वच्छ आहेत म्हणाला होता. माझ्या खोक्यातली काच ताकासारखी धुरकट निघाली. त्याने ती पिशवीतूनच पाहिली होती.

मी खाली प्रतिक्रिया लिहायचे. शुद्ध मराठीत, क्रमांक घालून. एकाने उत्तर दिलं, "काकू, चिल करा."

मग गेल्या वर्षी श्रावणात मिस्टरांना झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, पैकी पाय बराचसा सुधारला. वाचा मात्र गेली. त्यांना सगळं समजायचं, वर्तमानपत्राचे मथळे सावकाश वाचता यायचे, पण शब्द तोंडाशी येऊन अडायचा. "नाय" आणि "गो" एवढे दोन शब्द उरले होते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की पहिल्या वर्षात जेवढं बोलणं परत येईल तेवढं येईल, पुढे अवघड होत जातं. स्पीच थेरपिस्ट बाई आठवड्यातून एकदा यायच्या. उरलेले सहा दिवस मी.

मी अर्थातच टाचण काढलं. पुठ्ठ्याची कार्डं केली. कप, चमचा, आंबा, बांगडा. सोपं आधी, अवघड नंतर. रोज सकाळी दहा वाजता एकेक कार्ड धरून विचारायचे, "हे काय?" मिस्टर चित्राकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग खिडकीबाहेर. ज्या माणसाने वादळात डेकवर उभं राहून खलाशांवर हुकूम सोडले, त्याला मी बांगड्याचं चित्र दाखवत होते. मला ते कळत होतं. पण माझ्याकडे दुसरं साधन नव्हतं. फाल्गुन आला तरी शब्द दोनच होते आणि मी आतून घाबरले होते. आमच्या लग्नातली अर्धी वर्षं ते समुद्रावर होते. बोलायचं सगळं आम्ही निवृत्तीनंतरवर ठेवलं होतं.

अशाच एका दुपारी मी जेवणाच्या टेबलावर कोलंबी सोलत बसले होते. मिस्टर समोरच्या खुर्चीत. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. मी बघत होते तो व्हिडिओ संपला आणि पुढचा आपोआप सुरू झाला. "नमस्कार मित्रांनो," तिशीतला एक मराठी माणूस म्हणाला आणि त्याने मालवाहू जहाजाचं खोकं टेबलावर ठेवलं. मी बंद केलं असतं, पण दोन्ही हात कोलंबीने बरबटलेले होते.

हा माणूस म्हणजे आजवर पाहिलेल्यांचा मुकुटमणी होता. "हे काहीतरी आहे, हे पण काहीतरी आहे, आणि हे... काहीतरी छोटं आहे." मी दात ओठ खात सोलत राहिले. मग त्याने एक तुकडा चिमटीत धरला. बुटक्या खांबांची जोडी. "ही बहुतेक," तो म्हणाला, "बसायला स्टुलं असावीत."

"बोलार्ड!"

मी वर बघितलं. मिस्टर खुर्चीत पुढे झुकले होते. चेहरा लाल झालेला. डावा हात मोबाइलकडे रोखलेला.

"नाय! स्टूल... नाय. बोलार्ड. दोर... दोर बांधतात."

माझ्या हातातली कोलंबी टोपलीऐवजी टरफलांत पडली. मी काही बोलले नाही, कारण बोलले तर ते थांबतील अशी मला भीती वाटली. पडद्यावरच्या माणसाने तेवढ्यात जहाजाचं पुढचं टोक उचललं आणि ही मागची बाजू असं जाहीर केलं. "फुडं!" मिस्टर ओरडले. "फुडं हाय ती! गाढव!" गाढव हा शब्द सात महिन्यांत मी इतक्या प्रेमाने ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकी शहाणपणा केला. त्याच जहाजाचा चांगला व्हिडिओ शोधला. परदेशातल्या कुणा म्हाताऱ्याचा, इंग्रजीत. काय तयारी होती त्या माणसाची! प्रत्येक भाग पांढऱ्या कागदावर, शेजारी मोजपट्टी, नाव, उपयोग, मूळ जहाजाचा फोटो, दोन ठिकाणी सांधा नीट बसत नाही हेही जोडून दाखवलेलं. असा व्हिडिओ मिळावा म्हणून मी वर्षानुवर्षं तळमळले होते. मिस्टरांनी दहा मिनिटं शांतपणे बघितला, मान डोलावली आणि त्यांना झोप लागली. त्यांच्यासाठी त्यात बोलण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं.

म्हणून मी त्या दुसऱ्याकडे, काहीतरीवाल्याकडे, परत गेले. माझ्या आयुष्यात मी कधी इतकी मान खाली घातली नव्हती. रोज दुपारी त्याचा एक व्हिडिओ. तो चुकायचा, मिस्टर खवळायचे, शब्द सुटायचे. विंच. हॅच. लाइफबोट. पण जहाजांवरचे त्याचे व्हिडिओ चारच होते, आणि विमानं त्याने कितीही चुकवली तरी मिस्टरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. आठ-दहा दिवसांत चारही व्हिडिओ पाठ झाले आणि मिस्टर पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

मी त्या जहाजाचं खोकं मागवलं. चांगल्या व्हिडिओवरून एकेका भागाचं खरं नाव माहितीपत्रकावर पेन्सिलीने लिहून काढलं, कारण नीट चुकायचं तर आधी बरोबर काय ते माहीत असायला हवं. मग मिस्टरांच्या समोर बसून एक भाग उचलला, धुराड्याचा, आणि घसा साफ केला. तीस वर्षांत मी जाणूनबुजून एक चुकीचं वाक्य उच्चारलं नव्हतं.

"हा पाणी तापवायचा बंब दिसतोय," मी म्हटलं.

मिस्टरांनी कीव आल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "फनेल गो. फनेल."

त्या दिवसापासून मी दुपारचा तासभर चुकत असे. शिडीला मी कपडे वाळत घालायचा स्टँड म्हटलं, क्रेनला विहिरीचा रहाट, सुकाणूला सुपारीचा अडकित्ता. मिस्टर डाव्या हाताने भाग धरायचे, मी कापायचे, आणि त्यांच्या तोंडून दोन-दोन, तीन-तीन शब्द यायला लागले. थेरपिस्ट बाईंनी विचारलं, "काकू, तुम्ही नवीन काय सुरू केलंत?" मी म्हटलं, वाईट शिकवायला सुरुवात केली. त्यांना तो विनय वाटला.

आषाढात, वर्ष भरायला महिना उरला असताना, एका दुपारी मी रंगाचं झाकण उघडायला सांडशी आणायला स्वयंपाकघरात गेले. पावसाळ्यात ही झाकणं घट्ट बसतात. परत आले तर माहितीपत्रक मिस्टरांच्या हातात होतं. मी ते रोज शिवणाच्या डब्याखाली दडवत असे, त्या दिवशी विसरले. ते एकेका नावावरून बोट फिरवत होते.

"अक्षर... तुझं," ते म्हणाले.

"हो."

"सगळं... बरोबर हाय."

मी सांडशी टेबलावर ठेवली.

"मग चुकतेस कशाला?"

खोटं सांगायचं बळ माझ्यात राहिलं नव्हतं. "तुम्ही बोलावं म्हणून," मी म्हटलं. "मला तुमच्याशी बोलायचंय हो. वर्ष संपत आलं." आणि मला रडू आलं. झटका आला तेव्हाही मी रडले नव्हते.

मिस्टरांनी कागद खाली ठेवला. मग तोंड खिडकीकडे वळवलं. मला वाटलं, संपलं. आता हा खेळ ते खेळणार नाहीत, लहान मुलासारखं फसवलं म्हणून रागावतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. मी भाग गोळा करायला लागले. तेव्हा त्यांनी डावा हात लांब करून ताटलीतून एक बारीकसा तुकडा उचलला, मोठ्या कष्टाने माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "ह्ये काय?"

तो नांगर होता. रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही नांगर ओळखता येतो.

"गळ," मी म्हटलं. "मोठे मासे पकडायचा."

"नाय गो." ते हसत होते. पुढचं वाक्य पुरं व्हायला फार वेळ लागला. प्रत्येक शब्दापाशी ते थांबले आणि मी मध्ये एकही शब्द घातला नाही. "नांगर. ह्यो टाकला... की डेकवरचं काम... थांबायचं. मग मी... खाली जाऊन... पत्र लिवायला बसायचो. तुला."