वडिलांकडची अर्धी कांब

वडिलांच्या दहाव्याला तलावाच्या पाळीवर त्यांचे मासेमारीतले भागीदार, आमचे काका, आले, तेव्हा त्यांच्या हातात बांबूची उभी चिरलेली अर्धी कांब होती. दुसरी अर्धी वडिलांची, ती माझ्याकडे होती. वाटणीच्या वेळी दोघे आपापली अर्धी जुळवत आणि दोन्हींवर एकदम हिशेबाची खाच पाडत. त्यामुळे एकट्याला खाच वाढवता येत नसे.

मी अर्थशास्त्र शिकवते आणि हिशेब ठेवण्याच्या जुन्या रीतींचा अभ्यास करते. इतक्या वर्षांत मला सुट्या अर्ध्या कांबीच मिळाल्या होत्या. वडिलांकडे मागितली की ते हसून म्हणत, "मी मेल्यावर घेजो."

काकांनी गोवऱ्या पेटवल्या आणि माझ्याकडची कांब मागायला हात पुढे केला.

"काका, जाळू नका. बाबांनी मले देतो म्हटलं होतं."

"तुया बाप कायबी बोले. कांब राहिली त हिशोब राहिला. त्याले अडकवून ठेवतं का, पोरी?"

"कपाटात जपून ठेवीन."

"आन् मी? तो सुटला. मी कोनासंग मिटवू?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. मी कांब इतकी आवळून धरली होती की खाचा तळव्यात रुतल्या. काकांनी पुढे केलेला हात मागे घेतला नाही.

शेवटी मी त्यांची अर्धी मागून घेतली. दोन्ही जुळवल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत खाच खाचेला लागली. मग मीच त्या जाळावर ठेवल्या.

पुढे माझा लेख छापून आला. अशी पूर्ण जोडी आज कुठेही उपलब्ध नाही, असं मी त्यात लिहिलं आहे.