रेंजकाका

रेंजकाकांना मी कधी बसून चहा पिताना पाहिलं नाही. एका हातात कप, दुसऱ्या हातात फोन, आणि या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फेऱ्या. जयपूरला तिलक नगरात आम्ही खाली राहायचो, ते वर. त्यांची पावलं आम्हाला छतातून ऐकू यायची. आई वैतागून म्हणायची, "भावजी, जरा टेका की!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "वहिनी, मले बसवत नाही. बसलो की वाटते, कुठं तरी गाडी सुटून राहिली."

मूळचे अकोल्याचे. रेल्वेच्या टेलिफोन विभागात नोकरी, बदली होत होत जयपूरला आले आणि इथलेच झाले. तारा, मनोरे, डबे यांच्यात उभं आयुष्य गेल्यामुळे कॉलनीत कुणाचाही फोन लागेनासा झाला की माणसं त्यांच्याकडे धावत. ते फोन बघायचे नाहीत, आधी गच्चीवर जाऊन आभाळ बघायचे. रेंजकाका हे नाव तिथूनच पडलं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत काकू गेल्या. महिनाभर काका घरात फिरत राहिले आणि मग एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेऊन आले. बाकं काढली, पलंग ठोकला, शेगडी बसवली, पाण्याची टाकी लावली. कॉलनी हसली. कॅनडातली मुलगी, मनाली, मात्र घाबरली. तिने अट घातली: रोज संध्याकाळी सातला फोन, नाहीतर गाडी विकायची. काकांनी शब्द दिला आणि तिथेच अडकले. दुपारी तीन वाजले की त्यांचा जीव वरखाली व्हायला लागायचा. पुढच्या गावात टॉवर असेल का, या विचाराने निम्म्या वाटेवरून गाडी मागे वळवायचे. "मतलब, माझा राजस्थान रेंज आहे तिथवरच," म्हणायचे.

लग्नानंतर मी जयपूरजवळच्या बस्सीच्या पुढे, विक्रमच्या शेतावर राहायला गेले. पुण्याच्या एका ऑफिसचं नकाशांचं काम मी घरून करत होते, आणि शेतावर फोन धड लागत नव्हता, मग इंटरनेट कुठलं. ऑफिसने महिन्याची मुदत दिली. मी रडवेली होऊन काकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिनीबस दारात.

त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. इंटरनेटची फायबर केबल हायवेच्या गावात थांबलीय, ती इतक्यात येत नाही. उंच खांबावर अँटेना लावून टॉवर पकडता येईल, पण मध्ये टेकडी आहे. "उरली छत्री, म्हणजे डिश. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर, एका जागी. बोललेलं वर जाईल, खाली येईल, म्हणून उत्तर जरा उशिरा येते. पण येते. त्याच्याहून खाली फिरणारे नवे उपग्रह आहेत, ते झपाझप चालतात, पण आपल्याकडे अजून सुरू व्हायचे आहेत."

छत्रीला दक्षिणेचं आभाळ मोकळं हवं होतं आणि दक्षिणेला कडुलिंब होता. विक्रम कुऱ्हाड आणायला निघाला. काका भडकले. "भैया, छत्रीले पाय आहेत, झाडाले नाहीत!" होकायंत्र घेऊन भर उन्हात तीन तास ते शेतभर हिंडले, आणि शेवटी गोठ्याच्या छपराचा एक कोपरा सापडला. कंपनीची माणसं आली तेव्हा त्यांनी तिथेच छत्री बसवली. माझी नोकरी राहिली.

मग मनालीने बाहेरूनच एक नवी छोटी छत्री पाठवते म्हटलं. गाडीच्या छपरावर ठेवायची, बाबा कुठेही असोत, बोलता येईल. काकांना मोह झाला, हे मला दिसत होतं. तरी ते नाही म्हणाले. "परवानगी नाही, पोरी. सरहद्दीकडं असं यंत्र घेऊन फिरलो तर आत टाकतील, आणि बरोबरच करतील."

त्या हिवाळ्यात जैसलमेरकडे गेलेल्या काकांचा फोन तीन दिवस आला नाही. मनाली दर तासाला मला विचारत होती. मी छत्रीखाली बसून त्या भागातली पोलीस ठाणी, ढाबे, पेट्रोल पंप शोधत होते. चौथ्या दिवशी दुपारी मिनीबस शेतावर आली. वाळूतल्या चार घरांच्या वस्तीवर शाळेच्या टीव्हीची छत्री वादळात फिरली होती, ती ते सरळ करत बसले होते. मास्तर एकटाच होता, म्हणाले.

मनालीला फोन लावला. दोघंही एकदम बोलायचे, आवाज उशिरा पोचायचा, कुणाचं कुणाला कळेना. शेवटी ती ओरडली, "बाबा, आईच्या वेळी मी पोचले नव्हते!" ते शब्द आले आणि काका पलंगाच्या कडेवर बसले. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते रेंजच्या बाहेर गेले नाहीत.

पुढच्याच वर्षी डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी गाडी चालवायची मनाई केली आणि मनाली त्यांना घ्यायला आली. मिनीबस त्यांनी वाळूतल्या त्या शाळेला देऊन टाकली. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, "पावसाळ्याआधी छत्रीचे नट आवळून घे."

कॅनडातून व्हिडिओ कॉल स्वच्छ यायचा. काका खिडकीपाशी उभे, मागे बर्फ. "कसं आहे काका?" विचारलं की म्हणायचे, "सगळीकडे रेंज आहे बाई. काय करू?"

मागच्या आठवड्यात मनालीचा फोन आला. तिने दहा दिवसांसाठी राहायची सोय असलेली गाडी भाड्याने घेतली होती. चालवणार ती, शेजारी बाबा, रस्ता उत्तरेच्या जंगलातून. तिथे ती छोटी छत्री गाडीवर लावून फिरता येतं, तिने हौसेने घेतलीही होती. पण निघताना तिनेच ती उतरवून घरात ठेवली. "राहू दे म्हटलं. बाबा कसे बघत होते माझ्याकडे! दहा दिवस फोन लागणार नाही गं. काळजी करू नकोस."

आज आठवा दिवस. सकाळपासून मी चार वेळा फोन उचलला आणि खाली ठेवला. चहा घेऊन अंगणात फिरते आहे. मी त्यांना फोन लावलेला नाही.