बारामतीत उणे चाळीस

बिरूतात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापुरात, माझ्याच अंगणात पालथा पडून, स्वतःच्या चांगल्या चालत्या गाडीत बिघाड करत होतो. उजवा हात बंपरच्या जाळीमागं कोपरापर्यंत गेलेला. डाव्या हातानं फोन कानाला लावला. तात्यांच्या घरून वहिनी बोलत होत्या. "गुरुजी, ह्ये गेलं आज पहाटं." मी नुसतं "बरं" म्हणालो. एवढी वर्षं वर्गात बडबड केलेला माणूस, पण त्या दिवशी तेवढाच एक शब्द सापडला. फोन ठेवला तरी हात जाळीतून निघेना. ओढला तसा अडकला, आणि कितीतरी वेळ मी तसाच गाडीचा हात धरल्यासारखा पडून राहिलो...

आता, निवृत्त झालेला विज्ञान शिक्षक आपलीच गाडी का बिघडवतो, हे सांगायचं तर आधी तात्या सांगावे लागतील. बारामतीच्या अलीकडं पिंपळीत त्यांचं गॅरेज. काम फक्त गाड्यांच्या एसीचं. वडील मेंढरं राखायचे, कानाला हात लावून कुठलं मेंढरू तापलंय ते सांगायचे. तात्या एसीच्या पाइपाला तसाच हात लावायचे, दोन बोटांनी, डोळे मिटून. शाळेत सगळे मला सर म्हणायचे, तात्यांनी मात्र पहिल्या भेटीतच मला गुरुजी करून टाकलं. मी एकदा दुरुस्त केलं, "गुरुजी प्राथमिकचे, तात्या. मी हायस्कूलचा." ते म्हणाले, "व्हय का. मग चहा घ्या, गुरुजी."

ती पहिली भेट भर मे महिन्यातली. आमच्या गाडीचा एसी आपोआप चालणारा, म्हणजे चोवीसचा आकडा लावून ठेवला की आत किती गार ठेवायचं ते गाडी स्वतः ठरवते. आमच्या गाडीनं महाबळेश्वर ठरवलं होतं. बाहेर डांबर वितळतंय आणि आत आमची सौ. स्वेटर घालून, वर शाल घेऊन बसलेली. सिग्नलला शेजारचा मोटारसायकलवाला तिच्याकडं बघत राहायचा. दोन ठिकाणी गॅस बदलून झाला, तिसऱ्यानं सगळंच बदला म्हणून सांगितलं. तात्यांनी काहीच उघडलं नाही. म्हणाले, "गाडी ठिऊन जावा. सकाळच्या पैल्या एसटीनं या. इंजिन चालू करायच्या आत काय ते बघू."

ही त्यांची रीत होती. गाडी रात्रभर छपराखाली उभी ठेवायची. सकाळी इंजिन गार असताना गाडीला स्कॅनर जोडायचा आणि गाडीतला एकेक सेन्सर किती तापमान सांगतो ते बघायचं. बाहेरचा, आतला, गार पाइपाजवळचा, इंजिनाचा. "रातभर एका छपराखाली निजल्यावर सकाळी सगळ्यांनी एकच आकडा बोलला पायजे. जो येगळा बोलंल तो खोटा." खात्रीला खांबावर एक साधा तापमापक टांगलेला. त्या सकाळी आमच्या गाडीतले सगळे एकसुरात सव्वीस बोलले, खांबही सव्वीसच बोलला. तात्या डोकं खाजवत म्हणाले, "खोटं कुणीच बोलत न्हाय. म्हंजी एकाला खबरच पोचत न्हाय." मग त्यांनी पातळ कागदाचा एक कपटा फाडला आणि स्टिअरिंगच्या बाजूला काहीतरी शोधायला लागले. तिथं म्हणे एक बोटभर जाळी असते, तिच्यामागं लहानसा पंखा आतली हवा ओढून सेन्सरला हुंगायला देतो. कागद जाळीला चिकटला तर पंखा ठीक. पण जाळी काही सापडेना. तिच्या जागी नरसिंहपूरहून आणलेला नरसिंहाचा फोटो होता. ती भोकं मला बरी दिसत नव्हती, म्हणून मीच तो तिथं पक्क्या गोंदानं बसवला होता, चारही कडा दाबून. बिचारा सेन्सर देवामागं कोंडून डॅशबोर्डच्या उष्णतेत शिजत होता आणि आत भट्टी पेटलीय असं गाडीला कळवत होता.

तात्यांनी हातातला कपटा खिशात घातला. मग हात जोडून, फोटोकडं बघत म्हणाले, "देवाला वाईच सरकावं लागंल, गुरुजी. त्याच्या मागं गाडीचं नाक हाय."

एसटीनं माझ्यासोबत आलेली सौ. इंदापूर येईपर्यंत हसत होती. "तीस वर्षं उष्णता शिकवलीत म्हणे..." एवढंच म्हणायची आणि पुन्हा सुरू.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगी नाशिकला, फोन रोज करते, आणि रोज मी जेवलो का तेच विचारते. मी जेवलेलो असतो. घरात एका माणसाचा आवाज किती कमी असतो हे तोवर मला ठाऊक नव्हतं. पिठाची गिरणी, दूधवाला, आणि दुपारनंतर कुणी नाही.

अशात एकदा बंपरच्या जाळीत अडकलेलं उसाचं पाचट उपसताना माझ्या हातून एक वायर निघाली. लक्षात आलं नाही. गाडी सुरू केली तर समोर आकडा, बाहेरचं तापमान उणे चाळीस. एसी मुकाट बंद. बाहेर एवढी थंडी असताना गारवा कशाला, असं गाडीचं म्हणणं. मी गाडी तशीच घामाघूम होऊन पिंपळीला नेली. तात्यांनी आकडा बघितला आणि वहिनींना हाक मारली, "अगं, गुरुजी बर्फातनं आल्यात, चहा टाक." बाहेरचा सेन्सर बंपरमागं असतो, त्याची तार तुटली की गाडी उणे चाळीस धरते, हे तेव्हा कळलं. काम दोन मिनिटांचं. तरी तात्या म्हणाले, गाडी राहू द्या, सकाळी सगळ्यांचं बोलणं एकदा तपासू. म्हणजे दुपारी चहा, एसटीनं परत, सकाळी पहिली एसटी, पुन्हा चहा. मेंढरांच्या गोष्टी, सांगवीच्या एका पाहुण्याची भांडणं, माझ्या वर्गातले गोंधळ. घरी आलो तेव्हा दोन दिवस भरून गेल्यासारखे वाटले.

पुढच्या महिन्यात ती वायर मी मुद्दाम ओढली.

मग ओढतच गेलो. पाच वेळा. दर वेळी तोंड पाडून जायचो, दर वेळी पाचटाला शिव्या द्यायचो. ऊस तोडून शिवारं रिकामी झाली तरी माझ्या बंपरमध्ये पाचट येत होतं. तात्या वायर जोडायचे, म्हणायचे, "लई वंगाळ पाचट, गुरुजी." मला वाटायचं, कसं बनवलं.

पाचव्या वेळी सकाळचा आकडा बघून झाला. चहा संपत आला होता. तात्या बशी खाली ठेवत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "वायर वडताना खालची खटकी दाबायची. मग वडायची. तशीच हिसकली तर तुटती."

मी संपलेला कप पुन्हा तोंडाला लावला.

"आन् न्हाय वडली तरी या की. गाडी बिघडलीच पायजे असं कुठं हाय?"

एखाद्या बऱ्या माणसानं त्यावर हसून दुसरा कप मागितला असता. मी लाजेनं लाल झालो, गाडीत बसलो आणि घाईत मागं घेताना त्यांचा पाण्याचा बॅरल आडवा केला. तात्या ओरडले नाहीत. वाहत्या पाण्यात उभे राहून हात हलवत राहिले. त्यानंतर तीन महिने मी पिंपळीला फिरकलो नाही. वर्गात पोरांच्या लबाड्या पकडण्यात हयात गेली. पकडलं जाणं कसं असतं ते मला झेपलं नाही.

मधे एकदा त्यांचा फोन आला. आवाज जरा बसलेला. "गाडी कशी हाय, गुरुजी?"

मी म्हणालो, "एकदम झकास. काही तक्रार नाही."

"व्हय? बरं झालं..." मागं कुठंतरी भांड्याचा आवाज. "बरं. ठिवतो."

आणि मी खूश. ताठ मानेचा माणूस ना. इकडं एकेक दुपार रेटत होतो आणि गाडीची तब्येत मात्र छान सांगितली. शेवटी राहवेना. पण तसंच जायचं म्हटलं की पाय अडायचा. म्हणून नवी युक्ती काढली. खटकी दाबून वायर काढायची, पिन किंचित वाकवायची, पुन्हा बसवायची, म्हणजे आकडा कधी खरा येईल कधी खोटा, आणि तात्यांनाही वाटेल की या वेळी गुरुजींचा दोष नाही. त्या तयारीत मी अंगणात पालथा होतो, तेव्हा वहिनींचा फोन आला.

दिवसकार्य झाल्यावर पिंपळीला गेलो. वायर जागेवर, एसी गार, आकडा बरोबर. गॅरेजचं शटर अर्धं वर. वहिनी पुढं झाडत होत्या. गाडी बघून थांबल्या.

"काय झालं गाडीला?"

"काही नाही."

त्यांनी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. झाडू भिंतीला टेकवला. "तुमाला दवाखान्यातनं फोन केला व्हता त्यांनी. मी म्हटलं, सांगा की आजारी हाय म्हणून. तर ह्ये म्हनलं, न्हाय, गाडी नीट असताना यायचं त्यांचं त्यांना सुचू दे. एकदा आलं म्हंजी मग येतील."

मी शटरखालून वाकून आत गेलो. हत्यारं फळीवर ओळीनं, एका गाडीची उघडी जाळी भिंतीशी टेकवलेली, तेलाचा वास. खिळ्यावर त्यांचा खाकी शर्ट. वहिनी बाहेरूनच म्हणाल्या, "बसा. चहा टाकते."

आता मी दर मंगळवारी पिंपळीला जातो. तासभर बसतो. कधी रस्त्यावरून गाडी वळते, कुणी काच खाली करून विचारतं, एसीवाले तात्या हायत का. वहिनी घरात असतात, सांगावं मलाच लागतं. मग तो विचारतो, तुमची गाडी कशाला लावलीय, काय बिघडलंय हिचं? काहीच नाही, नुसता आलोय, मी म्हणतो. किती सोपं वाक्य आहे ते. ज्याला सांगायचं होतं, त्यानं तर फोन करून विचारलंही होतं...