माशांची पोटं उघडणाऱ्या मीनक्का

मीनक्कांनी जन्मात कधी मासा चाखला नव्हता, पण आमच्या तळ्याकाठी त्यांच्याइतके मासे कापणारं दुसरं कुणी नव्हतं. दर रविवारी सकाळी सातच्या सुमाराला बांधावरच्या दगडी बाकावर त्या जुनं वर्तमानपत्र अंथरायच्या, पांढरं इनॅमलचं ताट मांडायच्या आणि प्रयोगशाळेतल्या बारीक कात्रीनं माशाचं पोट उघडायच्या. आत सापडेल ते चिमट्यानं ताटात वेगवेगळं ठेवायचं आणि वहीत लिहायचं. गोगलगायी दोन. बेडकाचं पिल्लू एक. ओळखू न येणारं बरंच. फिरायला आलेली माणसं नाकाला रुमाल लावून वळसा घालून जायची. मीनक्का मान वर करत नसत. "तळ्यात कोण कुणाला खातंय ते वरून दिसत नाही," त्या म्हणायच्या. "पोटच बघायला लागतंय."

हे नाव त्यांना तळ्यावरच्या कोळ्यांनी दिलं होतं. कानडीत मीन म्हणजे मासा आणि अक्का म्हणजे थोरली बहीण. बाई मूळच्या निपाणीकडच्या, घरात मराठी आणि दारात कानडी अशा वाढलेल्या. बनशंकरीतल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. नोकरीला लागल्या तेव्हा शाळेच्या मुलांना घेऊन त्या या तळ्यावर यायच्या, कारण तेव्हा इथे ना बोम्मसंद्राचे कारखाने पोचले होते ना आमच्या सोसायट्या. निवृत्तीनंतर एकदा सहज बघायला आल्या आणि मग येतच राहिल्या, दोन बस बदलून.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या हातात बादली असताना. मी नागपूरची; इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या नोकरीसाठी आले होते. भाड्याचा फ्लॅट बदलायचा होता आणि नव्या घरमालकाला काचेची टाकी नको होती. छोटे मासे मैत्रिणीनं नेले. उरला तो काचेवरचं शेवाळ खाणारा काळपट सकर मासा, वीतभर वाढलेला. त्याला मारवेना, म्हणून मी तो तळ्यात सोडला आणि तो पाण्यात दिसेनासा झाल्यावर मला फार बरं वाटलं.

"काय सोडलासा?" मागून मराठीत प्रश्न आला.

"मासा होता घरचा. सकर."

मला वाटलं आता ओरडा बसणार. त्यांनी बाकावरची वही सरकवून जागा केली. "बसा," म्हणाल्या. त्यांच्या ताटात माझ्या माशाचाच मोठा भाऊबंद पडला होता, हातभर लांब, अंगावर चिलखतासारखी कडक खवलं. त्यांनी त्याचं पोट उघडलं. दोऱ्याच्या गुंडाळीसारखं लांबच लांब आतडं बाहेर आलं, गच्च चिखलानं आणि शेवाळानं भरलेलं.

"हे शेवाळ आधी गोगलगायी आणि बोटाएवढे मासे खायचे," त्या म्हणाल्या. "त्यांच्यावर मरळ जगायची, खंड्या जगायचा. आता हा सगळं चाटून खातो, शेवाळावर चिकटलेली दुसऱ्यांची अंडीसुद्धा. आणि ह्याला कोण खाणार? बगळ्यानं गिळला तर घशात काटा अडकून बगळाच मरतोय."

"मला माहीत नव्हतं."

"होय की. तुमच्यासारख्या दयाळू माणसांनीच हे तळं भरलंय."

एवढंच बोलून त्यांनी माझ्या हातात पेन्सिल दिली आणि मापं सांगायला सुरुवात केली. त्या रविवारपासून त्यांच्या वहीतलं अक्षर माझं झालं. शिक्षा म्हणून गेले होते. चार वर्षं जात राहिले.

त्यांच्याकडे त्यांच्या तरुणपणातला एक कागदी तक्ता होता, शाळेच्या मुलांबरोबर केलेला. मधोमध तळं, भोवती शेवाळ, किडे, मासे, बेडूक, पक्षी आणि कोण कुणाला खातं ते दाखवणारे बाण. बाणांची इतकी गर्दी की कोळ्याचं जाळं वाटावं. नव्या तक्त्यावर त्या दर वर्षअखेरीला हेच चित्र पुन्हा काढायच्या, फक्त स्वतः पाहिलेले बाण ठेवून. मी आले त्या वर्षीच्या तक्त्यात जेमतेम पंधराएक बाण होते आणि त्यातले बहुतेक तीनच नावांकडे जात होते: सकर, तिलापिया आणि आफ्रिकन मांगूर, तिन्ही बाहेरून आलेले मासे. पाण्यावर जलपर्णी पसरली की खाली ऊन पोचत नाही, शेवाळ मरतं, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मग हवेतून श्वास घेऊ शकणारा मांगूर तेवढा मजेत राहतो, हे त्यांनी मला एका बाणाच्या वेळी समजावलं. समजावताना आवाज वर्गातला असे. शेवटी "कळलं?" विचारत आणि उत्तराची वाट पाहत.

मासे पुरवायचे ते मुनियप्पा, या तळ्यावर बापाच्या वेळेपासून जाळं टाकणारे. सुरुवातीला ते बाईंना हसायचे. मग सकरच्या काट्यांनी त्यांची जाळी फाटायला लागली आणि एका सकाळी पाटीभर मासे त्यांनी स्वतःहून बाकाजवळ आणून ओतले. "अक्का, माझ्या लहानपणी रोज पकडायचो तो पट्ट्यांचा मासा कुठे गेला, तेवढं ह्यांच्या पोटात बघून सांगा," असं कानडीत म्हणाले. मीनक्कांनी त्या दिवशी एकतीस पोटं उघडली. पट्ट्यांचा मासा एकातही नव्हता. मुनियप्पांना त्यांनी ते तसंच सांगितलं, धीराचे शब्द न लावता.

खरा प्रसंग घडला तो तळ्याच्या उत्सवाला. आमच्या सोसायट्यांनी मिळून जलपर्णी काढली होती आणि त्या आनंदात सेक्रेटरीसाहेबांनी मत्स्यबीज सोडायचा कार्यक्रम ठरवला. साहेब सज्जन माणूस, तळ्यासाठी खरोखर धावपळ करणारे. मांडव पडला, पाहुणे आले, पाण्याकडे जाणाऱ्या उतारावर ड्रमांनी भरलेला टेम्पो मागे मागे येऊ लागला. मीनक्का गेल्या, एका ड्रमात हात घातला आणि ओंजळीत चार पिल्लं घेऊन आल्या. काळी, चपट्या डोक्याची, तोंडाभोवती मिशा. आफ्रिकन मांगूर. पाळायला देशात बंदी असलेला मासा कुठल्याशा विक्रेत्यानं देशी म्हणून देऊन टाकला होता.

त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "अक्का, स्वल्प अड्जस्ट माडि, जरा जमवून घ्या. कार्यक्रम होऊ दे, मग बघू."

"मग काय बघायचं? पाण्यात गेलेला मासा परत येतोय काय?"

आणि मीनक्का टेम्पोच्या मागे, उतारावरच्या ओल्या सिमेंटवर मांडी घालून बसल्या. इस्त्रीची सुती साडी, मांडीवर पिशवी. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. एका पाहुण्यानं त्यांना प्रगतीच्या आड येणारी म्हातारी म्हटलं. त्यांनी पिशवीतून ताट काढलं, मुनियप्पांनी सकाळी पकडलेला मोठा मांगूर मागवला आणि तिथेच बसून, माईकवर स्वागतगीत चालू असताना, तो उघडला. ताटात एकेक वस्तू मांडत गेल्या. लहान मासे. बेडूक. शेवटी टिबुकली या पाणपक्ष्याच्या पिल्लाचा पाय, अजून बोटं शाबूत असलेला.

"हे एकाच्या पोटातलं," त्या पाहुण्यांना म्हणाल्या, आधी कानडीत, मग हिंदीत. "टेम्पोत किती आहेत ते तुम्ही सांगा."

गीत मध्येच थांबलं. मी इतका वेळ मांडवाच्या कडेला उभी होते, कारण माझ्या ऑफिसातली माणसं तिथे होती आणि मला लाज वाटत होती. ती लाज कधी गेली सांगता येत नाही. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. मुनियप्पाही बसले. तासाभरानं टेम्पो परत गेला.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. तीन महिन्यांनी मुनियप्पांच्या जाळ्यात मांगूरची कोवळी पिल्लं ढिगानं यायला लागली. आधीच्यांचीच वीण, की एखाद्या आडवारी कुणी ड्रम ओतलेच, कळलं नाही. मी चिडून म्हटलं, "अक्का, आपण हरलो. हे आता संपणार नाहीत. कशासाठी येतो आपण?"

त्या एक मासा मोजपट्टीवर सरळ करत होत्या. "संपणार नाहीतच," म्हणाल्या. "मी जिंकायला येते असं कुणी सांगितलं तुम्हाला? त्यांना हे तळं फुकट मिळू नये म्हणून येते. लिहा, एकोणीस सेंटिमीटर."

गेल्या वर्षी बसमधून उतरताना त्या पडल्या आणि खुबा मोडला. भाचा येऊन त्यांना निपाणीला घेऊन गेला. फोनवर तब्येतीचं विचारलं की त्या विषय बदलायच्या: किती उघडलेत, काय निघालं, वही नीट लिहिता ना. शेवटच्या फोनवर मी सांगितलं की एका मरळीच्या पोटात मांगूरची पाच पिल्लं सापडली. म्हणजे आपल्या जुन्या माशानं नव्याला खाल्लं होतं. मग त्या म्हणाल्या, "बाण उलटा काढा. लाल शाईनं." पंधरा दिवसांनी भाच्याचा फोन आला.

सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. सेक्रेटरीसाहेब मनापासून बोलले, डोळेही पुसले. मग म्हणाले, अक्कांना तळ्याचं फार प्रेम. त्यांच्या स्मरणार्थ आपण तळ्यात रंगीत मासे सोडू या. लोकांनी माना डोलावल्या. काहीजण टाळ्या वाजवू लागले.

चार वर्षांत मी चारचौघांत कानडी बोलले नव्हते. उभी राहिले आणि म्हणाले, "बेड." म्हणजे नको. पुढची वाक्यं मोडकीतोडकी होती, क्रियापदं चुकत होती, पण मी खाली बसले नाही. साहेब दुखावले. "मग तुम्हाला हवंय तरी काय?" त्यांनी विचारलं.

"या तळ्यात आता कुणी काही सोडायचं नाही," मी म्हटलं. "काहीही नाही. प्रेमानंसुद्धा नाही."

ठराव झाला नाही, पण रंगीत मासेही आले नाहीत. पुढच्या रविवारी मी तेच वाक्य बांधाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलं, कानडीत, हिंदीत आणि मराठीत. कानडी ओळ मुनियप्पांनी दोनदा दुरुस्त करून दिली. आठवड्यात तिच्यावर कुण्या क्लासची जाहिरात रंगवली गेली. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा जाहिरात आली. परवा चौथ्यांदा लिहिलं, या वेळी अक्षरं आधीपेक्षा मोठी. डब्यात अजून अर्धा रंग आहे.