संदेष्ट्यांचे वकील

आमच्या महाडच्या शनिवारच्या बैठकीचे किस्से मी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. मुंबईहून बी.ए. होऊन घरी आले, दर शनिवारी मामांकडे जाऊन बसले, आणि ते आपोआप साठत गेले. सांगायला घेते तेव्हा मैत्रिणी हसतात. मीही सुरुवातीला हसते.

दावुदमामा म्हणजे आम्हा मूठभर बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घरांचे मुकादम. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, दुपारी त्यांच्या ओसरीवर धर्मग्रंथ वाचायचा आणि त्यावर चर्चा करायची, ही आमची रीत. चर्चा कसली, वकिली! संदेष्ट्यानं काहीही चूक केलेली असो, आमचे वडीलधारे त्याला सोडवून आणतातच.

* * *

वाळवंटात लोक तहानले तेव्हा मोशेला देवानं सांगितलं होतं, खडकाशी बोल, पाणी येईल. मोशेनं रागानं खडकाला काठी मारली. त्यापायी त्याला देवानं वचन दिलेल्या देशात पाऊल टाकता आलं नाही.

मामा कळवळून म्हणाले, "अरे, इतकी वर्षं वाळवंटात लोकांची कटकट ऐकली त्यानं. मारली एक काठी! खडकाला लागलं का?"

मी म्हटलं, "खडकाला नाही, पण देवाला लागलं ना?"

"एस्तेर, कॉलेजात आता देवाचं मनही शिकवतात वाटतं!"

सगळे खो खो हसले. मोशे सुटला.

* * *

योनाला देवानं परक्या शहरात जाऊन तिथल्या लोकांना त्यांची पापं सांगायला पाठवलं, तर तो उलट्या दिशेच्या जहाजात बसून पळाला, आणि वाटेत त्याला माशानं गिळलं. त्याची बाजू मामांच्या थोरल्या बहिणीनं, बनामावशीनं घेतली. तिचा जन्म पोलादपुराकडच्या वाडीत गेलेला.

"पळंल नायतर काय करंल गो? परक्या गावात जाऊन 'तुमी पापी हाव' म्हनायचं! आमच्या बाजूच्या उमरठ गावात जाऊन कोनी बोलून दाखवा. माशाच्या पोटात जायाची येळच येनार नाय!"

तेवढ्यात ओसरीखाली अंगणात बसलेल्या शिमशोननं विचारलं, "पण मावशी, शेवटी देवानं त्या लोकांना माफ केलं, म्हणून योना चिडला. परक्यांना माफी मिळाली याचा राग येणं, ही चूक नाही का?"

मग हझान, म्हणजे आमची प्रार्थना चालवणारे एलोजीकाका, खाकरून म्हणाले, "बाहेर बसून असे प्रश्न विचारू नयेत."

"मग आत बसवा त्याला!" मी म्हटलं.

कुणी सरकून जागा केली नाही.

शिमशोन बाहेर का, ते सांगते. आमच्यात गोरे आणि काळे असे दोन भाग. ज्याच्या घराण्यात कधीकाळी परधर्मातली बाई आली, तो काळा. कातडीचा काही संबंध नाही. मामा तव्यासारखे, आणि ते गोरे! शिमशोन त्यांच्याहून चांगला उजळ. त्याची आजी इस्राएल नव्हती, एवढंच. आणि मामांची मुलगी रिबका त्याच्याशिवाय कुणाशी लग्न करणार नव्हती.

* * *

मग एका शनिवारी मी पान हेरूनच वाचायला घेतलं. मोशेनं कूशी, म्हणजे आफ्रिकेतली काळी बायको केली. त्याची बहीण मिर्याम हिनं त्यावरून नावं ठेवली. देव संतापला आणि मिर्यामच्या अंगावर बर्फासारखं पांढरं कोड उठलं.

"पाहिलंत?" मी म्हटलं. "काळ्या बायकोवरून बोलली, तर शिक्षा काय? गोरी कातडी!"

आतून रिबकाचं हसू ऐकू आलं. मामांनी ग्रंथ मिटला.

"संदेष्ट्यांच्या चुका समजून घ्यायच्या असतात. गिरवायच्या नसतात."

"पण देवानं त्याला चूक म्हटलेलंच नाही, मामा!"

"त्या काळी मुकादम नव्हते!"

* * *

शिमशोन महाड-पोलादपूर मोटार चालवायचा. शनिवारी मात्र स्टिअरिंगला हात लावायचा नाही. एकदा शनिवारीच मालकाला एका लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं. शिमशोननं शब्बाथ मोडला नाही, मालकानं त्याला काढून टाकलं.

मला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. मी धावत जाऊन मामांना सांगितलं.

मामा म्हणाले, "एवढं कडक पाळायला, हा स्वतःला गोरा समजतो की काय?"

* * *

मामांच्या वडिलांच्या पुण्यतिथीची संध्याकाळ. नद्यांना पूर, दासगावची माणसं पलीकडे अडकलेली. मृतासाठीच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ओसरीवर नऊ. वाट पाहून पाहून दिवे लागले.

आणि शिमशोन आला. पोलादपुराहून चालत, चिखलानं माखलेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्याला तो दिवस ठाऊक होता.

एलोजीकाकांच्या तोंडून निघून गेलं, "ये रे, आत ये! मुकादम, दहा झाले!"

रिबका स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली. प्रार्थनेत ज्याला मोजलं, त्याला मुलगी कोणत्या तोंडानं नाकारणार? हे तिला कळत होतं, आम्हाला कळत होतं, मामांनाही कळत होतं. शिमशोन ओसरीच्या मधोमध उभा. अंगावरून पाणी ठिबकत होतं.

मामा उठले. आतल्या खोलीत गेले आणि एलियाहू नबीची खुर्ची उचलून घेऊन आले. बाळाच्या सुंतेच्या वेळी हा संदेष्टा येऊन बसतो म्हणून रिकामी ठेवतात, ती. त्यांनी ती नऊ जणांच्या रांगेत ठेवली, धोतराच्या सोग्यानं पुसली.

"आता दहा," ते म्हणाले.

माझा तोल गेला. "मामा, हा एलियाहू तर ऐन वेळी जीव घेऊन पळालेला संदेष्टा! रानात झाडाखाली बसून 'देवा, मला मरण दे' म्हणणारा! याला मोजता?"

"थकला होता गं बिचारा," मामा हळुवारपणे म्हणाले. "आणि काही झालं तरी आपल्यातला आहे."

एलोजीकाकांनी मान खाली घालून प्रार्थना सुरू केली. पहिल्या विरामाला सगळ्यांनी 'आमेन' म्हणायचं असतं; खुर्ची गप्प राहिली. सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' म्हणाला तो शिमशोन.