अण्णांजवळ कोण बसलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. बोलायला किती वेळा तोंड उघडलं, आणि मग भलतंच काहीतरी बोललो.

अण्णा, माझे वडील. मोडनिंबजवळ जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. न्यूमोनिया झाला तेव्हा मी त्यांना सोलापुरात आणून आयसीयूत ठेवलं. मी शुक्रवार पेठेत राहतो, एका शाळेत लिपिक आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी भेटायला गेलो, तर अण्णांचे हात पलंगाच्या कठड्याला बांधलेले. नळ्या उपसत होते म्हणे. मला पाहताच ओरडले, "चोर हाय ह्यो! माझी मेंढरं नेली ह्यानं! धरा!" आणि थुंकले – माझ्या शर्टावर. शेजारच्या पलंगापाशी आमच्याच शाळेतल्या एक बाई उभ्या होत्या.

मी बाहेर आलो. नर्स मागोमाग आली. "दादा, आयसीयूत होतं असं. वार-वेळ कळत नाही, नसलेलं दिसतं. ओळखीचं माणूस जवळ बसून बोलत राहिलं की हळूहळू उतरतं. तुम्ही बसा."

"हो, हो," म्हणालो – आणि जिना उतरलो. थोरल्या बहिणीला फोन केला. आक्का वैरागला दिलेली. तिला सांगितलं, मला रजा मिळत नाही.

रजा मिळाली होती. रोज दवाखान्यासमोरच्या हॉटेलात बसून असायचो. भीती कशाची होती? अण्णांची? की लोकांसमोर पुन्हा चोर ठरायची?

आक्का रोज पहिल्या एसटीने यायची. तिला कुणी शिकवलं होतं? अण्णांचा चष्मा पदराने पुसून त्यांच्या डोळ्यांवर चढवायची. "अण्णा, हे सोलापूर. दवाखाना हाय. आज बुधवार." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. आवाज चढला नाही की थकला नाही. 'मी हात धरून बसते, सोडा त्यांना,' असं म्हणून तिने त्यांचे हात मोकळे करून घेतले. संध्याकाळी शाळेतून आल्यासारखा जाऊन मी दाराबाहेरूनच काचेतून पाहायचो. एकदा अण्णांनी तिचं मनगट ओरबाडलं, बांगड्या फुटल्या. बाहेर आल्यावर विचारलं, लागलं का?

"न्हाय रं. काटा काढताना मेंढरू बी लाथ मारतंयच की."

अण्णा तिलाच महादू म्हणायचे. माझं नाव. पहिल्यांदा ती म्हणाली, मी सखू हाय. तर ते लहान पोरासारखे रडले. मग ती नुसतं म्हणायची, "हितंच हाय, अण्णा."

सहा दिवसांनी भ्रम उतरला. वॉर्डात हलवल्यावर चार पाहुणे जमले, तेव्हा अण्णांनी माझा हात घट्ट धरला. "माजं डोस्कं फिरलं व्हतं. पर ह्यो हात सोडला न्हाय माझ्या महादूनं."

आक्का चहाचा कप घेऊन शेजारीच उभी होती.

मी गप्प राहिलो असतो, तर तेही एक वेळ – पण मी म्हणालो, "माझं कर्तव्यच होतं ते, अण्णा."

आक्काने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग वाकून म्हणाली, "अण्णा, च्या गार हुतोय."

पुढं दोन वर्षं अण्णा हेच सांगत राहिले – पारावर, लग्नांत, आक्काच्या सासरी तिच्या सासूसमोरसुद्धा. ती ऐकायची. आमचं भांडण झालं तेव्हाही तिच्या ओठांवर ते आलं नाही. एवढं मन कुठून आणलं तिनं? एकाच घरात वाढलो आम्ही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दहाव्याला चुलते उभे राहिले आणि पोरांना म्हणाले, लेक असावा तर महादूसारखा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आक्का समोरच बसली होती.

मी हात जोडले.